'होर जी?' : शेजारच्या बोलीतले हरकामी शब्द



चंदीगडमध्ये हिंदीवर सगळं निभतं. २०११च्या जनगणनेत इथल्या सुमारे ७३ टक्के लोकांनी हिंदी आणि २२ टक्के लोकांनी पंजाबी ही मातृभाषा सांगितली. पीजीआय रुग्णालयात, बँकेत किंवा चंडीमंदिरच्या छावणीत बदलून आलेल्या मराठी माणसाचं पंजाबीवाचून काही अडत नाही. तरी आज पंजाबीवरच बोलायचं आहे. शेजाऱ्यांच्या गप्पांत आपण मागे राहतो, ते अवघड शब्दांमुळे नव्हे. 'होर', 'चंगा', 'हांजी' असे अगदी साधे शब्दच आपल्याला चकवतात.

'होर' घ्या. कोशातला अर्थ 'आणखी'. 'अपनी मंडी' या भाजीबाजारात भाजीवाला वांगी तोलून पिशवीत टाकतो आणि विचारतो, 'होर जी?' इथे कोश कामाला येतो. संध्याकाळी शेजारीण फाटकाशी भेटते, खुशाली विचारून होते आणि ती म्हणते, 'होर सुणाओ.' तिला कसली माहिती नको असते, गप्पा चालू राहाव्यात एवढंच हवं असतं. आपण 'बस, सब ठीक' म्हणतो आणि बोलणं तिथेच तुटतं. मुलीला नोकरी लागल्याचा आनंद झाला असेल ना, असं आपण विचारलं की ती म्हणते, 'होर की!' म्हणजे आपलं 'मग काय तर!'

'चंगा' म्हणजे चांगलं, हे सांगावं लागत नाही. पण फोनवर 'चंगा जी' ऐकू आलं की बोलणं आवरतं घ्यायची वेळ झाली, असं समजावं. 'हांजी'चं काम तर सुरावर चालतं. हाकेला ओ द्यायची तर 'हांजी'. सूर वर गेला की 'काय म्हणालात?' आणि समोरचा बोलत असताना हलकेच म्हटलं, तर 'ऐकतोय, बोला'.

सुराचा हा मुद्दा पंजाबीत फार खोल जातो. शब्दारंभीचे घ, झ, ढ, ध, भ तिथे आपल्यासारखे उच्चारत नाहीत. 'घर' हा शब्द खालच्या सुरातल्या 'कर'सारखा ऐकू येतो. घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी यांसाठीचे तीन शब्द तर केवळ सुरामुळे वेगळे ओळखले जातात. म्हणूनच 'भाजी', म्हणजे आदरानं म्हटलेला भाऊ, आपल्या कानावर 'पाजी' म्हणून पडतो. नवख्या मराठी माणसाला ती शिवी वाटते, आणि बोलणारा मात्र त्याला मान देत असतो.

असे हरकामी शब्द एकट्या पंजाबीत नाहीत. फिनिश शिकणाऱ्यांना 'नो नीन' असंच भंडावून सोडतं. कामाला लागताना, काम संपल्यावर, वैतागून, समाधानानं, सगळीकडे तेच. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली लिहिलं की पुष्कळसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच, ते माणसं जोडण्यासाठी असतं. आपलं 'बरं' आठवा. होकाराला 'बरं', निघताना 'बरं, येतो', विषय बदलताना 'बरं, ते जाऊ दे', दटावताना 'बरं, बघतो तुला'. हे आपल्याला कोणी अर्थ सांगून शिकवलं नाही. कोण, कोणाला, कधी म्हणतं, हे लहानपणापासून कानावर पडत गेलं.

पंजाबीही तशीच शिकावी. वहीत शब्दापुढे अर्थ लिहू नका. त्याच्या आधी काय बोललं गेलं, नंतर काय झालं आणि म्हणणारा वयानं, नात्यानं कोण होता, ते लिहा. चार प्रसंग जमले की शब्द आपोआप उमगतो. मग तो स्वतः वापरा. चुकलात तर समोरचा 'कोई ना' म्हणेल. तोही याच जातीचा शब्द आहे, धीर देणारा.

पंजाबशी असं नातं जोडणारे आपले संत नामदेव. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. परंपरेनुसार ते पंजाबातल्या घुमानला दीर्घ काळ राहिले. २०१५ साली तिथे ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, याचा आपल्याला अभिमान आहे. पण नामदेव इथल्या लोकांचे झाले, ते त्यांच्यात राहून, त्यांच्याशी बोलून. त्यांचं नाव सांगणाऱ्यांनी निदान शेजाऱ्याच्या 'होर सुणाओ'ला 'सब ठीक'च्या पुढे जाऊन उत्तर द्यावं. घरची एखादी गोष्ट सांगावी, आणि सांगून झाली की आपणही विचारावं, 'तुसी सुणाओ.'