पासष्ट हजार जागांची गोष्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



एका कंपनीत व्हिसाची कागदपत्रं पाहणं हे माझं काम. त्यामुळे करडीला आलो की तुम्ही एकच विचारता, "पोराला अमेरिकेत पाठवायचं आहे, बांधी विकू का?" तेव्हा त्यावरच बोलतो.

तिथे कुशल कामगाराला लागतो तो एच-१बी व्हिसा. वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांना २०,०००. अर्ज कितीतरी जास्त, म्हणून सोडत. यातला ६५,००० हा आकडा निव्वळ अमेरिकेच्या मर्जीचा नाही बरं का. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्यासोबत सेवांच्या व्यापाराचा करार लागू झाला, त्याला गॅट्स म्हणतात. त्यात अमेरिकेने हा आकडा जगाला लिहून दिला आहे.

मग अडवतात कसे? आपली रोवणी आठवा. शेजारच्या गावची टोळी गुत्त्याने येते, पऱ्हे लावते, पैसे घेऊन परत जाते. गॅट्स या टोळीबद्दल बोलतो. त्यातला एखादा म्हणाला, मला इथेच कायमचं कामावर ठेवा, राहायला घर द्या, तर ते गुत्त्यात बसत नाही. नोकरीच्या बाजारात प्रवेश, कायमचं वास्तव्य, नागरिकत्व यांना करार लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. आपल्या पोरांना हवं असतं नेमकं तेच. एच-१बी या दोन्हींच्या धुऱ्यावर बसलाय.

भारत भांडला. ज्या कंपन्यांत पन्नास किंवा जास्त माणसं आणि त्यातली निम्म्याहून अधिक अशा व्हिसांवर, त्यांच्यावर २०१० मध्ये दर अर्जाला २,००० डॉलर जादा फी लागली. डिसेंबर २०१५ मध्ये ती ४,००० झाली. वर ६५,००० पैकी ६,८०० जागा चिली आणि सिंगापूरसाठी राखलेल्या. मार्च २०१६ मध्ये भारताने तक्रार केली. सल्लामसलतीच्या पुढे ती गेली नाही, पंच नेमलेच गेले नाहीत. आता तर अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. हरणारा अपिलात जाऊन प्रकरण लटकवून ठेवू शकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर देशाबाहेरून येणाऱ्याच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले. आपल्याकडे त्यात किती एकर येईल, हिशेब तुम्हीच करा! तिथे शिकून तिथेच व्हिसा बदलणाऱ्याला ही रक्कम नाही, पण सोडत त्यालाही चुकत नाही. आणि नंबर लागला नाही तर करार दाखवून त्याला जिनिव्हात दाद मागता येत नाही. तिथे फक्त सरकारं जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सोडतीच्या भरवशावर जमीन विकू नका. कर्ज काढायचंच तर इथल्या पगारात फिटेल एवढं काढा. गॅट्समध्ये माणूस न हलता सेवा पाठवण्याचाही मार्ग आहे. मिहानमध्ये बसून परदेशाचं काम करणारी पोरं तेच करतात, त्यांना व्हिसा लागत नाही.

एक राहिलं. एच-१बीचा अर्ज कंपनी करते, मुलगा नाही. "पैसे द्या, नंबर लावून देतो" म्हणणारा भेटला तर सही करण्याआधी त्याचे कागद मला दाखवा.