एक विमान, दोन दलें

पुण्याहून आळंदीकडे निघालेल्या वाटेवर विश्रांतवाडी लागते. नांवांत विश्रांति असली, तरी तेथील आकाशाला ती ठाऊक नाहीं. लोहगांवचा हवाई तळ जवळच. लढाऊ विमान उडालें कीं बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि आवाज ओसरल्यावर तें पुरें करतो. या गर्जनेचा खर्च सारा देश सोसतो. हवाई दल एक विमान घेतें, नौदल दुसरें. मग सुटे भाग दोन तऱ्हांचे, कर्मशाळा दोन, शिक्षणक्रमही दोन. दोन्ही दलांनीं एकाच विमानावर कां भागवूं नये, असें करदात्याच्या मनांत आल्यास त्यांत नवल नाहीं.

या प्रश्नाचें अर्धें उत्तर लोहगांवच्याच इतिहासांत आहे. 1987 सालीं हवाई दलाचीं मिग-29 विमानें प्रथम येथें दाखल झालीं. पुढें 2010 सालीं त्याच कुळांतील मिग-29 के हें विमान नौदलानें गोव्यांत दाबोळी येथें आणलें. नांव एक, मुखवटाही एक. परंतु नौदलाच्या विमानाच्या चाकांचे पाय अधिक भक्कम, शेपटीखालीं आंकडा आणि पंख दुमडणारे.

हा भेद हौसेचा नव्हे. लोहगांवची धांवपट्टी सुमारें अडीच हजार मीटर लांब आहे; वैमानिक तेथें चाकें अलगद टेकवूं शकतो. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका अवघी 262 मीटर लांब, आणि तीही लाटांवर हलणारी. तेथें विमान जवळजवळ आदळतेंच. आंकड्यानें पोलादी दोर पकडून शंभरेक मीटरांत तें थांबतें. हा धक्का सोसण्यासाठीं सांगाडा जड करावा लागतो. तोच जडपणा हवाई दलाच्या माथीं मारला, तर तितकें इंधन वा तितकीं अस्त्रें कमी न्यावीं लागतील. उलट हवाई दलाचें हलकें विमान जसेंच्या तसें नौकेवर उतरविलें, तर त्याचे पाय टिकणार नाहींत.

जमिनीवर जन्मलेलें विमान समुद्रावर नेण्याची किंमतही भारतानें मोजली आहे. महालेखापरीक्षकांच्या 2016 च्या अहवालानुसार मिग-29 के विमानांपैकीं कामास सिद्ध असलेल्यांचें प्रमाण सुमारें 16 ते 38 टक्क्यांच्या दरम्यानच होतें. ‘तेजस’ची नौदल आवृत्ति 11 जानेवारी 2020 रोजीं ‘विक्रमादित्य’वर यशस्वीपणें उतरली, परंतु तें विमान वजनाच्या मानानें दुर्बल ठरल्यानें नौदलानें त्यापूर्वींच तें स्वीकारण्यास नकार दिला होता.

अमेरिकेचा अनुभवही असाच बोलका आहे. 1961 सालीं संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं दोन्ही दलांवर एकाच विमानाची सक्ती केली. त्यांतून एफ-111 निघालें. हवाई दलानें तें अनेक वर्षें वापरलें, पण नौदलाची आवृत्ति फार जड झाली आणि 1968 सालीं तिचें काम बंद पडलें. उलट नौदलासाठीं घडविलेलें फँटम विमान हवाई दलानेंही घेतलें. जड सांगाड्याचें विमान जमिनीवर उतरूं शकतें. हलक्याला नौका झेपत नाहीं, हा यांतला बोध.

तिसरी वाट फ्रान्सची. तेथें राफेलचा आराखडा मांडतांनाच दोन्ही दलांच्या गरजा कागदावर घेतल्या गेल्या. भारताच्या हवाई दलासाठीं 36 राफेल विमानांचा करार 2016 सालीं, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतांना झाला; नौदलासाठीं 26 विमानांचा करार 28 एप्रिल 2025 रोजीं, सुमारें 63,000 कोटि रुपयांचा. या 26 पैकीं 22 एकासनी विमानें नौकेवर उतरण्याजोगीं आहेत. उरलेलीं 4 दोन आसनांचीं विमानें जमिनीवरील शिक्षणासाठीं. म्हणजे येथेंही विमान हुबेहूब एक नाहीं. परंतु इंजिन, रडार, अस्त्रें आणि दुरुस्तीची विद्या बव्हंशीं एक आहे, आणि खरी बचत तींतच आहे.

हा विषय केवळ इतिहासाचा नाहीं. हवाई दलासाठीं ‘ॲम्का’ या स्वदेशी विमानाच्या विकासास 2024 सालीं केंद्राची मान्यता मिळाली. नौदलासाठीं दोन इंजिनांच्या वेगळ्या विमानाचा आराखडा मांडला गेला आहे. सांगाडे दोन असावेत, हें योग्यच. परंतु त्यांच्या पोटांतील यंत्रेंही निरनिराळीं निघालीं, तर तो दोष समुद्राचा नव्हे, दलांच्या अहंतेचा ठरेल. कोठें एकत्र यावयाचें आणि कोठें वेगळें राहावयाचें, हें आराखड्याची पहिली रेघ ओढतांना दोन्ही दलांनीं एका मेजाशीं बसून ठरविलें पाहिजे. विमान तयार झाल्यावर केलेली तडजोड कागदावर शोभते. रात्रीं हलत्या नौकेवर उतरणाऱ्या वैमानिकाला ती तारीत नाहीं.