सण साधा, घर सुखी
(दिघी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गणेशचतुर्थीस मुंबईची मंडळी आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघीस येतात, तेव्हा माणसांपेक्षा सामानच अधिक उतरते. नवी मखरे, विजेच्या माळा, भेटवस्तूंची खोकी! विसर्जनानंतर यांतील बरेचसे माळ्यावर जाते. हप्ते मात्र वर्षभर डोक्यावर राहतात. घरची सून तर चूल आणि पाहुणे यांत इतकी गुंतते की, आरतीस उभे राहण्याचीही तिला उसंत नसते.

हे सारे आवश्यक आहे काय? जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील घरांची छपरे उडविली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. त्यातच साथीमुळे शासनाने त्या वर्षी घरगुती मूर्तीस २ फुटांची मर्यादा घातली. मूर्ती लहान झाली, आरास गेली. परंतु पूजा कोठे उणी पडली? शाडूची सुबक मूर्ती आपल्याच जिल्ह्यात, पेणला घडते. गौरीचा तेरडा रानात विनामूल्य मिळतो. थर्माकोलच्या मखरांना तर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे.

म्हणून विनंती एवढीच : सणासाठी कर्ज नको, भेटवस्तूंची देवघेव नको, नैवेद्य बेताचा असावा व तो रांधण्यास पुरुषांनीही हात लावावा. चार मोदक कमी झाले म्हणून गजानन रुष्ट होणार नाही. घरची गृहिणी मात्र आरतीस हजर असलीच पाहिजे.