मागच्या रांगेचा भोंगा
(जिल्हा बैठकीपूर्वी तालुका कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आम्ही आज बोलणार नाही. आम्हाला भोंग्यावर बोलायचे आहे. हसू नका. सभेत ठराव वाचला जातो, "मंजूर?" असे विचारले की हात वर होतात. मागे निंबाखाली बसलेल्यांना, कडेला बसलेल्या बायांना ठराव ऐकूच आला नसेल तर तो हात कशाचा? शेजाऱ्याचा वर गेला म्हणून गेलेला. आपल्याला न विचारता निर्णय होतात म्हणून आपण रस्त्यावर बसतो. मग आपल्याच सभेत हे कसे चालेल?

मांडववाला तारा जोडतो आणि चहाला निघून जातो. म्हणून जोडणी आपल्याला यायला पाहिजे.

ॲम्प्लिफायरच्या मागची पट्टी पाहा. बहुतेक सभेच्या मशीनवर 4, 8, 16 ओहम असे खिळे असतात आणि वेगळा 100 व्होल्टचा खिळा असतो. भोंगे मंचाजवळच असतील तर ओहमची जोडणी चालते. 8 ओहमचे दोन भोंगे शेजारी-शेजारी जोडले की 4 ओहम होतात, ते 4 च्या खिळ्यावर घ्यायचे. चार जोडले तर 2 होतात. मशीन तापते आणि ऐन भाषणात बसते.

पण तार लांब न्यायची असेल तर हिशेब करा. 100 वॅट पाठवायला 4 ओहमवर 5 अँपिअर लागतात, 100 व्होल्टच्या लाइनीवर फक्त 1. तारेतली गळती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे 25 पट. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 100 मीटर नेली तर जाऊन-येऊन साडेतीन ओहमच्या आसपास रोध होतो. 4 ओहमच्या भोंग्यांची जवळजवळ निम्मी ताकद तारेतच जिरते. कच्च्या पाटाने शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसेच हे.

100 व्होल्टवर प्रत्येक भोंग्याला मॅचिंग ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. त्याशिवाय जोडला तर युनिट जळते. मग ओहम विसरा, वॅटची बेरीज करा. 250 वॅटच्या मशीनवर 30 वॅटचे सहा भोंगे म्हणजे 180, ठीक. दहा लावले तर 300, ते जमणार नाही. ओहमचा आणि 100 व्होल्टचा खिळा एकाच वेळी वापरू नका. मशीन चालू असताना त्या खिळ्यांना हातही लावू नका, झटका बसतो.

तार जोडताना मशीन बंद, आवाजाची बटणे शून्यावर. मिक्सर असेल तर तो आधी चालू करा, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी. शिट्टी येते ती बहुधा भोंगे माईकच्या मागे बांधल्यामुळे. भोंगे वक्त्याच्या पुढे, तोंड लोकांकडे. आवाज फाटायला लागला की आमचे कार्यकर्ते बटण आणखी पिळतात! फाटलेला आवाज लांब जात नाही, युनिट मात्र जाते. बटण खाली आणा, वक्त्याला माईकच्या जवळ आणा.

वीज आकडा टाकून घ्यायची नाही. माणूस मरतो, आणि सभा बदनाम होते ती वेगळीच. तिसरी पिन तोडायची नाही. ट्रॅक्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालणारे मशीन असेल तर अधिक-उणे दोनदा पाहा, आणि फ्यूज उडाला तर जागी जाडी तार घालू नका.

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे भोंग्याला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावता येत नाही. निंदणी-वेचणी आटोपून माणसे आठला जमतात, पुढाऱ्यांची भाषणे दहापर्यंत चालतात आणि ठराव बिनभोंग्याचा होतो. ठराव आधी घ्या.

आणि ते "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" बंद करा. ते कुणालाही समजते. सभेआधी एका बाईला शेवटच्या जागी कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि मंचावरून ज्वारीचे, कापसाचे पाच आकडे वाचा. तिने पाचही बरोबर लिहिले तर सभा सुरू करा. "सातशे"चे "नऊशे" झाले असेल तर भोंगा फिरवा, पुन्हा वाचा.

आता मैदानात चला. मशीन, सहा भोंगे आणि तारेची दोन भेंडोळी आहेत. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी जोडायचे, आम्ही नुसते मागे उभे राहून ऐकणार.