बघायलाही शिकावं लागतं

चित्रकार व्हायचं तर चित्रं काढावीत, कलेचा इतिहास कशाला शिकायचा, असं अनेक पालक विचारतात. याचं उत्तर बडोद्यात मिळतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली. तेव्हा कुलगुरू होत्या हंसा मेहता. चित्रकला विभाग उभा केला तो मूळ इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. शिल्पकला शंखो चौधरींकडे होती. या हातांच्या कामाला तिथे कलेतिहासाची जोड मिळाली.

स्टुडिओत माती मळणारा विद्यार्थी वर्गात अजिंठ्याची भित्तिचित्रं वाचायला शिकतो. मला तर हे बघायला शिकणं रेषा शिकण्याइतकंच मोलाचं वाटतं. गुलाम मोहम्मद शेख तिथलेच विद्यार्थी. त्यांनी वर्षानुवर्षं तिथे कलेतिहास शिकवला, मग चित्रकलेचे प्राध्यापक झाले. आणि भूपेन खख्खर! मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्याला गेले कलासमीक्षा शिकायला. जगाने ओळखलं ते मात्र चित्रकार म्हणून.

घरात मूल चित्रांत रमत असेल, तर पालकांनो, प्रवेशाचा निर्णय घेण्याआधी त्याला घेऊन एकदा बडोद्याला जाऊन या.