भाड्याचे घर घेण्यापूर्वी

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी काही वक्ता नव्हे. बँकेत लिपिकाची नोकरी करणारा, कला शाखेचा एक साधा पदवीधर आहे. मंडळाने मला विषय दिला तो "भाड्याचे घर घेताना सुरक्षिततेची पारख कशी करावी" हा. या व्यासपीठावरून धम्म, शिक्षण, संघटन यांवर व्याख्याने होतात. तेथे खोली-भाड्याची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण मित्रांनो, आपल्या समाजाच्या इतिहासात भाड्याची खोली ही क्षुल्लक गोष्ट कधीच नव्हती.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा विद्वान बडोद्यात डोके टेकायला जागा शोधत होता. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत जागा मिळाली, पण तेथे पारशांनाच राहता येत असे, म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. ओळखीच्या दोघा मित्रांनीही आसरा दिला नाही. सामान घेऊन बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण जयंतीला ऐकतो आणि हळहळतो. पण माझ्यापुरते सांगायचे तर त्यातला व्यावहारिक धडा मी स्वतः ठेच लागल्यावरच शिकलो. २००१ साली नोकरीसाठी मी प्रथम शहरात आलो. एका मित्राने सल्ला दिला, "आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांग. उगाच खोलात जाऊ नकोस." तसेच केले. खोली मिळाली. आठ हजार रुपये अनामत रोख दिली. पावती नाही, करार नाही. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत सदऱ्यांच्या घडीत ठेवला. सहा-सात महिने बरे गेले. मग आई भेटायला आली. जिन्यात समोरच्या बाई भेटल्या, तेव्हा तिने सवयीने हात जोडून "जयभीम" घातला. आठवड्याच्या आत घरमालक म्हणाले, "आमचा पुतण्या येतोय, खोली लागणार आहे." दोन दिवसांत खोली सोडली. आठातले तीन हजार हाती आले. पाच हजार मागायला माझ्याकडे कागद नव्हता, आणि खरे सांगतो, मागायला तोंडही नव्हते, कारण सुरुवात मीच लपवाछपवीने केली होती. गाडीत बसवताना आई एवढेच म्हणाली, "माझ्यामुळं झालं का रे?" ते वाक्य आजही मला झोपू देत नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो. ज्या घरात आपले नाव लपवावे लागते ते घर सुरक्षित नाही; आणि ज्या घराच्या कागदावर आपले नाव नाही तेही सुरक्षित नाही. कुलूप, कडी, जाळी, रखवालदार या गोष्टी त्यानंतरच्या.

तथागतांनी आपल्या धम्माला "एहिपस्सिको" म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून मानू नका. घर पाहतानाही हीच दृष्टी ठेवा. दलाल सांगतो म्हणून नाही, भाडे स्वस्त आहे म्हणून नाही. स्वतः जाऊन पाहा.

प्रथम इमारत पाहू. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा भागात एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. इमारतीचे वरचे मजले बांधून होत होते आणि खाली कुटुंबे राहायला आलेली होती. स्वस्तात छप्पर मिळते म्हणून आलेली ती गरीब माणसे होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे, आपल्या चवदार तळ्याच्या गावी, पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती. म्हणून केवळ वय आणि रंग पाहून फसू नका. तळमजल्यावर, वाहने लावण्याच्या जागेत उभे राहून खांब पाहा. खांबाला उभे किंवा तिरपे तडे आहेत का, सिमेंट सुटून गंजलेली सळई दिसते का, एकाच खांबाला नव्याने गिलावा केलेला आहे का, हे पाहा. भिंतीच्या गिलाव्यावरील केसासारख्या बारीक रेषांनी घाबरण्याचे कारण नाही; खांब आणि तुळईचे तडे मात्र गंभीर समजावेत. पावसाळ्यापूर्वी अनेक महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. त्यात "सी-१" अशी वर्गवारी असेल तर ती इमारत राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करण्याची असते. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मालकावर किंवा सोसायटीवर बंधनकारक आहे. ती झाली का, हे सचिवांना विचारण्यात संकोच करू नका.

जिना पाहा. जिन्यात सायकली, जुनी कपाटे, गादीचे ढीग असतील तर आगीच्या वेळी खाली उतरता येणार नाही. गच्चीच्या दाराची चावी कोणाकडे असते ते विचारा. खिडकीला चोरापासून बचावाची जाळी हवीच, पण तिचा एखादा भाग आतून उघडणारा असावा, नाहीतर तीच जाळी आपला पिंजरा होते.

आता घराच्या आत या. मीटर आणि मेन स्विच कुठे आहे ते पाहा. वायरी उघड्या, जोडावर काळ्या पडलेल्या नसाव्यात. पेटीत "आरसीसीबी" नावाचे उपकरण आहे का ते विचारा. विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारे हे उपकरण असते. त्यावर चाचणीचे बटण असते, ते दाबून पाहा. खटका पडला तर ते चालू आहे. आंघोळीच्या बंद खोलीत गॅस गीझर बसवलेला असेल तर विशेष सावध राहा. हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि आत काय झाले ते बाहेरच्यांना कळतही नाही. अशा गीझरने तरुण मुलामुलींचे जीव गेले आहेत. तो खोलीबाहेर बसवायला सांगा, नाहीतर बादलीत पाणी तापवून घेतलेले बरे.

दाराची कडी आतून नीट बसते का, ते पाहा. आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिलेली असू शकते, म्हणून राहायला जाताना मालकाला सांगून कुलूप बदला. दोनचारशे रुपये जातील, पण झोप शांत लागेल.

घर दोनदा पाहा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर. बस थांब्यापासून दारापर्यंत चालत जा. दिवे आहेत का, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, वाटेत अड्डा आहे का, ते दिसेल. आमच्या मुलींना माझे विशेष सांगणे आहे, की एकटीने घर पाहायला जाऊ नका, आणि ज्या खोलीची दुसरी चावी मालक "असू द्या आमच्याकडे" म्हणतो त्या खोलीबद्दल दहादा विचार करा. इमारतीतील एखाद्या बाईंशी दोन शब्द बोला. तासभर दलालाशी बोलून कळणार नाही ते त्यांच्याकडून पाच मिनिटांत कळते.

आता कागदाकडे वळतो. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. घर दाखवणारा माणूस घराचा मालक आहे काय? विजेचे बिल, घरपट्टीची पावती, सोसायटीचे देयक आणि खरेदीखताची सूची क्रमांक दोन, ज्याला आपण इंडेक्स टू म्हणतो, यांवरील नाव आणि त्याचे ओळखपत्र जुळवून पाहा. घरावर कर्ज आहे का, हेही विचारा. कर्ज असणे दोष नाही, पण हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक घराचा ताबा घेऊ शकते. दारावर नोटीस चिकटते आणि भाडे वेळेवर भरणारा भाडेकरू सामानासह जिन्यात येतो. परीक्षेच्या तोंडावर असा जिन्यात बसलेला विद्यार्थी मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्याची चूक एवढीच, की त्याने विचारले नव्हते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून हिशेबच मांडतो. भाडे दहा हजार, मुदत अकरा महिने, परत मिळणारी अनामत पन्नास हजार. अकरा महिन्यांचे भाडे १,१०,००० रुपये. अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज सुमारे ४,५८३ रुपये. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. ऑनलाईन नोंदणीचे किरकोळ शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. दोघांत वाटून घेतला तर हा खर्च कोणाला जड नाही.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तेथे राहत्या जागेचा पुरावा मागतात. कागदच नसेल तर हक्काचे पैसेही अडतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश मुंबई-पुण्यासारख्या शहरांत निघतात. तीही आपल्या खऱ्या नावाने दिली जाईल असे पाहा.

अनामत शक्यतो रोख देऊ नका. धनादेशाने किंवा खात्यातून द्या आणि रक्कम करारात लिहून घ्या. आजकाल मोबाईलवर सुंदर घराचे फोटो येतात, मालक परगावी बदलीवर असल्याचे सांगतो आणि घर राखून ठेवण्यासाठी पैसे मागतो. नंतर "पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका" असे म्हणतो. बँकेच्या खिडकीत बसणारा माणूस म्हणून सांगतो, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आता तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. "साहेब, खरे नाव सांगितले तर घर मिळेल का?" मी खोटे आश्वासन देणार नाही. काही दारे बंद होतील. "आत्ताच दिली हो खोली" हे वाक्य तुम्हांलाही ऐकावे लागेल. पण आधी बंद झालेल्या दारात आपले फक्त बसभाडे जाते. आठ महिन्यांनी बंद झालेल्या दारात अनामत जाते, अभ्यासाचे वर्ष जाते, आणि आईला स्वतःचाच अभिवादनाचा शब्द गुन्हा वाटू लागतो. शिवाय सगळी दारे बंद नसतात. माझी नंतरची खोली एका निवृत्त शिक्षकांची होती. मी पहिल्याच भेटीत सगळे सांगितले. ते म्हणाले, "भाडं पाच तारखेला द्या, आणि नळ गळतो तेवढा सांभाळून घ्या." तेथे मी चार वर्षे राहिलो. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर होता.

शेवटी मंडळाला एक विनंती आहे. आपण एक वही ठेवावी. ज्या सभासदांच्या माहितीत चांगली, सुरक्षित, खऱ्या नावाने मिळणारी खोली असेल त्यांनी ती त्यात नोंदवावी. नवीन विद्यार्थ्यासोबत घर पाहायला एका जाणत्या सभासदाने जावे. आणि आपल्यापैकी ज्यांची आता स्वतःची घरे झाली आहेत, जे खोल्या भाड्याने देतात, त्यांनी आधी आपल्या भाडेकरूला नोंदणीकृत करार आणि पावती द्यावी. गीझर, वायरिंग नीट करावे. आपण भाडेकरू असताना जे सोसले ते मालक झाल्यावर दुसऱ्याला सोसायला लावणे हे शीलात बसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घर पाहायला जाल तेव्हा खांब पाहा, वायर पाहा, कडी पाहा, कागद पाहा. आणि उंबऱ्यातच आपले पूर्ण नाव सांगा. त्यानंतरही जो "या, आत या" म्हणेल, त्याच्याकडे राहा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!