पूर काठावर, विमा सरासरीवर

वर्धेच्या काठावरील जुन्या पिढीच्या मनात ३० जुलै १९९१ हा दिवस कायमचा कोरला गेला आहे. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातले मोवाड हे नांदते गाव त्या दिवशी वर्धेच्या महापुरात उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांनी पुराचा तडाखा सोसला. या दोन घटनांमध्ये ३१ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात माणूस विसरतो. नदी मात्र आपली वाट विसरत नाही.

वर्धा जिल्हा कोरडवाहू शेतीचा. येथे चिंता असते ती पाऊस न येण्याची. त्यामुळे पूर म्हणजे इतरांचे संकट, अशी समजूत सहज रुजते. वस्तुस्थिती वेगळी आहे. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा जिल्ह्याची सीमा आखीत वाहते; धाम, बोर, यशोदा आणि वणा या नद्या जिल्ह्याच्या अंगाखांद्यावरून जातात. पाऊस वर पडतो आणि पाणी खाली येते. आकाश निरभ्र असतानाही वरच्या धरणांचे दरवाजे उघडले की काठावरील गावाला सावध व्हावे लागते. त्यातच काळ्या कसदार जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. नदी ओसरली तरी शेतात पाणी साचून राहते, सोयाबीन सडते आणि कपाशी उभ्या उभ्या सुकते.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी अनेकांची फसगत होते. ‘एकदा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त,’ असा त्याचा अर्थ नव्हे. निळ्या रेषेवरील घराला दरवर्षी १०० पैकी ४ इतका धोका असतो. हिशेब मांडला तर ३० वर्षांच्या संसारात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता १०० पैकी ७१ इतकी होते. लाल रेषेवरही ती २६ भरते. घर बांधताना किंवा भूखंड घेताना ही चौकशी करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आता विम्याकडे वळू या. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेत पाण्याखाली गेल्यास ७२ तासांत सूचना द्यावी आणि त्या शेताची पाहणी होऊन भरपाई मिळावी, ही तरतूद शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली होती. २०२३ पासून महाराष्ट्रात एक रुपयात विमा मिळू लागला. मात्र २०२५ च्या खरिपात चित्र पालटले. एक रुपयाची सवलत संपली. शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरीप पिकांसाठी २ टक्क्यांपर्यंत आणि कापसासारख्या नगदी पिकासाठी ५ टक्क्यांपर्यंत झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वैयक्तिक नुकसानीची तरतूद राज्याने वगळली आणि भरपाई केवळ सरासरी उत्पादनावर ठरू लागली.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या महसूल मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे. पुराने नदीकाठची पन्नास शेते बुडाली, पण उंचावरची शेते चांगली पिकली आणि मंडळाची सरासरी साडेदहा क्विंटल निघाली. अशा वेळी ज्याच्या हाती एक दाणाही लागला नाही, त्यालाही विम्याचा रुपया मिळणार नाही. पूर काठावर येतो. विमा सरासरी पाहतो. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये भातशेती पाण्याखाली जाण्याची जोखीम २०२६ च्या खरिपापासून पुन्हा समाविष्ट करण्याचे जाहीर केले. परंतु वर्धेची मुख्य पिके कापूस, सोयाबीन आणि तूर ही आहेत.

मग विमा काढूच नये काय? तसे नव्हे. सार्वत्रिक अतिवृष्टीत आणि दुष्काळात तो उपयोगाचाच आहे. मात्र त्याला पुराची हमी समजणे घातक ठरेल. अटी वारंवार बदलतात, म्हणून दरवर्षी हप्ता भरण्यापूर्वी त्या वाचून घ्याव्यात.

बुडालेल्या शेतासाठी दुसरा आधार शासकीय मदतीचा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक हानी झालेल्या कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायती पिकासाठी १७,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत ठरविण्यात आले. नदीने पात्र बदलून जमीनच नेली, तर हेक्टरी ४७,००० रुपये. या मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. म्हणून छायाचित्रे काढून ठेवावीत, सातबारावर पीकपेरा नोंदलेला असावा आणि तलाठ्याकडे वेळेत कळवावे.

घराची गोष्ट निराळी आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराचा समावेश आहेच. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण घरातील सामानालाही आपोआप मिळते. येथे मंडळाची सरासरी आड येत नाही. ज्याचे नुकसान, त्याची भरपाई. तरीही मध्यमवर्गीय घरांत दुचाकीच्या विम्याची आठवण राहते आणि घराच्या विम्याची राहत नाही. दुचाकीचा विमाही केवळ ‘थर्ड पार्टी’ असेल, तर पुरात तो कामास येत नाही.

पूर ओसरल्यावर मदतीला धावून जाणारे कार्यकर्ते प्रत्येक गावात असतात, आणि त्यांच्या सेवेचे मोल मोठेच आहे. परंतु ज्येष्ठ महिन्यात करण्याचे कामही तितकेच मोलाचे आहे. गावातील वयोवृद्धांना विचारून मागील पुराचे पाणी कोठवर आले होते, ती खूण मंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवावी. त्या खुणेखालील घरांची यादी करावी. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे वेगळी काढावीत. सातबारा, बँकेचे पुस्तक आणि विम्याची पावती प्रत्येक घराने एका पिशवीत, उंच जागी ठेवावी. या कामाला निधी लागत नाही, लागतात चार संध्याकाळी. पाणी चढू लागल्यावर मात्र त्या कोणालाही विकत मिळत नाहीत.